डेरा टपावर, फरास कोठे?

संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात दिवाळीच्या अगोदरच्या पंधरवड्यात पायी चालणाऱ्यालाही वाट काढणे दुरापास्त होते. अशा गर्दीतून एखादी मोटार टपावर काळ्या आच्छादनातले पलंगाएवढे गाठोडे घेऊन महात्मा फुल्यांच्या पुतळ्याला वळसा घालते, तेव्हा वह्यापुस्तकांच्या दुकानांतली गिऱ्हाइके हातातली यादी बाजूला ठेवून वर पाहू लागतात. कोणी म्हणते गादी असेल, कोणी म्हणते वाजंत्र्यांचे सामान असेल. आणि आच्छादनावर छापलेली चिनी अक्षरे कोणालाच वाचता येत नसल्यामुळे तर्काला कसलीच आडकाठी राहत नाही. ते गाठोडे तंबूचे असते. मुक्कामाच्या जागी पोचल्यावर आच्छादन काढावे, शिडी ओढावी, की बिजागरीवर दुमडलेली तक्तपोशी उलगडते, तिचा अर्धा भाग टपावर टेकून राहतो, उरलेला अर्धा भाग मोटारीबाहेर अधांतरी येऊन शिडीच्या आधाराने स्थिरावतो, आणि दोन-तीन माणसांच्या निजण्यापुरते कापडाचे घर जमिनीपासून सहा फुटांवर उभे राहते.

ही युक्ती आजची नव्हे. इटलीत १९५८ साली ‘मॅजिओलिना’ या नावाचा टपावरचा तंबू विक्रीस आला. पूर्व जर्मनीत, जेथे मोटार मिळण्यासाठीच वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे, तेथे १९७०च्या दशकात गेरहार्ड म्युलर नावाच्या कल्पक गृहस्थाने चिमुकल्या ट्रॅबंट गाडीच्या टपावर तंबू चढवून दाखविला. आणि आफ्रिकेच्या व ऑस्ट्रेलियाच्या माळरानांत, जेथे जमिनीवर निजणे श्वापदांमुळे व सर्पांमुळे धोक्याचे, तेथे तो खऱ्या अर्थाने रुजला. आपल्याकडे हा शौक मोटारींचे दणकट, उंच प्रकार सामान्य सुखवस्तू कुटुंबांच्या आटोक्यात आल्यावर, आणि विशेषतः करोनाच्या टाळेबंदीनंतर लोकांना बंद खोल्यांचा उबग आल्यावर पसरला. राज्य शासनाने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यालाही हीच हवा कारणीभूत होती. मात्र कारवाँ म्हणजे लाखांचा व्यवहार. टपावरचा तंबू म्हणजे, निदान दूरध्वनीच्या पडद्यावर पाहता, हजारांचा.

सारे आकर्षण त्या पडद्यावरील आकड्यात साठलेले आहे. पाश्चात्त्य देशांतील नामांकित कंपन्यांचा मऊ कापडाचा तंबू साधारण दीड ते तीन हजार डॉलरांना पडतो; चीनमधील कारखाने आपल्या जालावरील बाजारपेठेत तशाच दिसणाऱ्या तंबूला चारशे ते सातशे डॉलर सांगतात, आणि पुष्कळदा ‘तशाच दिसणाऱ्या’ हा शब्दप्रयोगही अनावश्यक ठरतो, कारण नामांकित शिक्क्याचे व बिनशिक्क्याचे असे दोन्ही तंबू एकाच कारखान्याच्या एकाच दालनातून बाहेर पडलेले असतात. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस असलेल्या एका तरुण अभियंत्याने मला हे मोठ्या तिडिकेने सांगितले. “सर, कापड तेच, शिवण तीच, फक्त नावाचे दुप्पट-तिप्पट पैसे. आम्ही कारखान्यातली माणसं, आम्हाला हे कळत नाही का?” कळते, यात शंका नाही, तथापि नावाच्या त्या दुप्पट-तिप्पट पैशांत काय काय विकत मिळत असते, याचा हिशेब त्याने मांडलेला नव्हता, आणि हा लेख मुख्यतः त्याच हिशेबाचा आहे.

तंबूचा हिशेब या शहराला वास्तविक नवा नसावा. मलिक अंबरने १६१०च्या सुमारास खडकी वसविली, १६५३ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने तिला आपले नाव दिले, आणि तोच पुढे बादशहा होऊन पुन्हा दख्खनेत उतरला तेव्हा आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे त्याने बहुतांशी कनातींच्या आड काढली. ब्रह्मपुरी, गलगले ही भीमा-कृष्णेच्या काठची गावे त्या छावण्यांमुळेच इतिहासात आली. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या एका मुक्कामाच्या सामानाला शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल लागत असल्याचे नमूद केले आहे. औरंगजेबाबरोबर १६६४ च्या अखेरीस दिल्लीहून काश्मीरच्या वाटेला लागलेला फ्रेंच वैद्य बर्निये याने तर तंबूंचे दोन संच पाहिले: बादशहा एकात निद्रिस्त असताना दुसरा पुढच्या मजलेवर उभा होत असे, आणि या पुढे जाणाऱ्या सरंजामाला पेशखाना म्हणत. शिवकालीन अठरा कारखान्यांतही फरासखान्याला, म्हणजे तंबू-कनाती सांभाळणाऱ्या फरासांच्या खात्याला, स्वतंत्र स्थान होते, आणि पेशवाईतल्या फरासखान्याचे नाव पुण्यात आज एका पोलीस ठाण्याच्या रूपाने टिकून आहे. या साऱ्या व्यवस्थेत कापडाची किंमत ही सर्वांत गौण बाब होती. तणावे कोण ताणील, मेखा कोण मोजून परत घेईल, भिजलेली कनात कोण वाळवील, फाटलेली कोण सांधील, कसर लागू नये म्हणून पावसाळ्यात घडी कोण मोडील, या प्रश्नांची उत्तरे ठरलेली असत. प्रत्येक उत्तराला एक माणूस, त्या माणसाला वेतन आणि त्या वेतनाला दफ्तरात एक ओळ असे. आजचा ग्राहक डेरा मागवितो, फरास मागवीत नाही.

आता हा डेरा येतो कसा ते पाहू. सर्वांना ठाऊक असलेली वाट २४ नोव्हेंबर २०२० रोजी बंद झाली. त्या दिवशी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९-अ अन्वये ४३ उपयोजनांवर बंदी घातली, त्यांत अलीएक्सप्रेस होते. घाऊक व्यापाऱ्यांसाठी असलेली चिनी संकेतस्थळे मात्र चालू राहिली, आणि किरकोळ गिऱ्हाइकाने तेथे घाऊक व्यापाऱ्याचा आव आणून एखादा ‘नमुना’ मागविण्याचा प्रघात पडला. दुसरी वाट दुबईतील आप्ताची. तिसरी सर्वांत रुळलेली: मुंबई-पुण्याकडील कोणी उलाढाल्या माणूस डझन-दोन डझन तंबू मागवितो, त्यांवर एखादे भारदस्त इंग्रजी नाव चिकटवितो, आणि आपल्याच देशातील जालावरील बाजारात ते दीडपट-दुपटीने विकतो. २०२०च्या ई-वाणिज्य नियमांनी वस्तू कोणत्या देशात तयार झाली हे जाहीर करणे बंधनकारक केले आहे. पण ती ओळ छायाचित्रांच्या, तारकांच्या आणि सवलतीच्या घोषणांच्या इतकी खाली असते की तिथवर उतरण्यापूर्वीच बोटाने व्यवहार उरकलेला असतो.

पहिल्या, म्हणजे ‘नमुन्या’च्या वाटेने गेलेल्याला प्रथम वाहतुकीचा धक्का बसतो. कुरियरवाले वस्तूचे केवळ वजन पाहत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत गुणून ५००० ने भागतात, आणि हे आकारमानी वजन प्रत्यक्ष वजनाहून अधिक भरले तर त्यावर आकार लावतात. १२५ गुणिले १२० गुणिले ३० अशा मापाच्या खोक्यातला ५५ किलोंचा तंबू या रीतीने ९० किलोंचा होतो. विमानाऐवजी जहाज पत्करावे, तर न्हावाशेवा बंदरात दुसऱ्या कोणाच्या मालासोबत अर्ध्या घनमीटरची जागा भाड्याने घेतलेला हा तंबू उतरतो आणि तेथून कागदपत्रांचे पर्व सुरू होते. आमच्या शहराच्या उशाशी, दौलताबादच्या वाटेवर माळीवाड्याला, अंतर्देशीय कंटेनर डेपो आहे खरा. पण तेथली सोय कारखानदारांच्या भरलेल्या कंटेनरांसाठी, एका हौशी माणसाच्या एका खोक्यासाठी नव्हे.

तीसेक वर्षे क्लिअरिंग एजंटाचे काम केलेल्या, आता निवृत्त होऊन खडकेश्वराजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांकडे मी हा विषय काढला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसत प्रथम एकच प्रश्न केला: “पावतीवर किंमत किती लिहिली आहे?” हा प्रश्न मर्माचा होता. विक्रेता आपण होऊन, जणू काही दिवाळीची ओवाळणी म्हणून, सांगतो की सहाशे डॉलरांऐवजी पावतीवर शंभरच लिहितो. आणि गिऱ्हाइकाला ते सौजन्य वाटते. जकात ही वस्तूच्या नुसत्या किमतीवर बसत नाही. किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून जी बेरीज येते तिच्यावर बसते, आणि त्या बेरजेत मूळ जकात मिळवून पुन्हा एकात्मिक वस्तू व सेवा कर आकारला जातो. म्हणजे वाहतूक महाग पडली की करही वाढतो. सांगितलेल्या किमतीविषयी संशय आल्यास ती नाकारण्याचा अधिकार अधिकाऱ्याला २००७च्या मूल्यांकन नियमांतील बाराव्या नियमाने दिलेला आहे. खोटी किंमत लिहिलेला माल १९६२च्या सीमाशुल्क अधिनियमाखाली जप्तीस पात्र ठरतो, आणि तो सोडवून घ्यायचा तर दंड वेगळा. “त्यात चौकशी चालू असताना माल गोदामात पडून राहतो, साहेब, आणि त्याचं भाडं तुमच्याच माथी. पुष्कळ लोक शेवटी म्हणतात, तंबू तुमच्याकडंच राहू द्या.” परदेशातील आप्ताची भेट म्हणून माल सोडवून घेण्याची जुनी पळवाट १२ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाली. टपालाने वा कुरियरने भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची आयात त्या दिवशीच्या अधिसूचनेने निषिद्ध केली. अपवाद ठेवला तो जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा, तोही राखीसोबत येणाऱ्या भेटवस्तू वगळून. सरकारी गद्यात भाऊबहिणीच्या नात्याची इतकी काटेकोर मोजदाद क्वचितच आढळते.

माल सदोष निघाला तर? २०१९चा ग्राहक संरक्षण अधिनियम तक्रारदाराला स्वतःच्या जिल्ह्यात फिर्याद मांडू देतो, आणि परदेशात बसून भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्यांनाही ई-वाणिज्य नियम लागू होतात. कायद्यात उणीव नाही. उणीव आहे ती बजावणीत. ज्या दुकानाचे नाव सहा आकडे व तीन इंग्रजी अक्षरे मिळून बनलेले आहे, त्याच्यावर संभाजीनगरच्या जिल्हा आयोगाचे समन्स घेऊन बेलिफाने जावे कोठे? विक्रेता बहुधा पंधरा-वीस डॉलर परत देऊ करतो, किंवा तंबू परत पाठवा म्हणतो. परतीचे भाडे तंबूच्या किमतीला भिडते, म्हणून गिऱ्हाईक वीस डॉलरांवर तडजोड करते.

एवढ्या दिव्यातून घरी आलेला तंबू टपावर चढविण्याची वेळ येते तेव्हा एक प्रश्न उद्भवतो, जो वस्तुतः सर्वांत अगोदर विचारायला हवा होता. मोटार उभी असताना तिचे टप कित्येक माणसांचे ओझे सहज पेलते, त्यामुळे तंबूत तिघे झोपले तर टप दबेल ही भीती व्यर्थ. मोटार धावत असताना मात्र तेच ओझे प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ब्रेकसरशी अनेक पटींनी ओढ घेते, म्हणून चालत्या अवस्थेतील मर्यादा फार कमी असते. लहान व मध्यम मोटारींत ती पुष्कळदा पन्नास ते पंचाहत्तर किलोंच्या आसपास ठरविलेली आढळते, आणि तीत आडव्या दांड्यांचे वजनही धरायचे असते. कित्येक गाड्यांच्या टपावरच्या चकचकीत पट्ट्या तर निव्वळ शोभेच्या! औट्रम घाटात, समोरून वाहनांची रांग येत असताना, साठ किलोंचा भार डोक्यावर घेतलेली गाडी वळणावर बाहेरच्या अंगाला कलते, तेव्हा गुरुत्वमध्य या शालेय संज्ञेचा अर्थ चालकाला पुस्तकाविना समजतो. कायद्याचेही एक अंग आहे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधिकच ताठर केले. टपावर तात्पुरते बांधलेले सामान आणि कायमची जखडलेली जोडणी यांतला भेद नाक्यावरचा अंमलदार त्या दिवशी कोणत्या मनःस्थितीत आहे, यावर अवलंबून राहतो.

कापडाविषयी अधिक बोलावेसे वाटते, कारण या शहराला कापड कळते. स्वस्त तंबूंचे बाह्यांग दोन प्रकारचे असते: एक, सुती-पॉलिस्टर मिश्र कापड, चौरस मीटरला २८० ते ३२० ग्रॅम वजनाचे; दुसरे, निव्वळ पॉलिस्टरचे, ज्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा लेप असतो. जाहिरातीत ‘तीन हजार मिलिमीटर’ असा आकडा झळकतो, त्याचा पावसाच्या मोजमापाशी काही संबंध नाही; त्या कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपणार नाही, असा त्याचा आशय. आकडा खरा असला तरी तो कापडाचा असतो, शिवणीचा नसतो. जुन्या मोंढ्याकडे ताडपत्र्या शिवणाऱ्या एका वयोवृद्ध कारागिराने त्या अभियंत्याचा तंबू उलटापालटा करून पाहिला आणि शिवणीवरून अंगठ्याचे नख फिरवीत निर्णय दिला: “कापडात खोट नाही, बेटा. दोऱ्यात आहे.” सुताचा गाभा असलेला दोरा भिजल्यावर फुगतो आणि सुईने पाडलेले छिद्र स्वतःच बुजवितो, निव्वळ पॉलिस्टरचा स्वस्त दोरा फुगत नाही, आणि आतून चिकटविलेली पट्टी आमच्या मे महिन्याच्या उन्हात दोन हंगामांत सुटू लागते. लेपाच्या कापडाचे दुखणे वेगळे. ते दमट अवस्थेत घडी करून कोठीत ठेवले, तर लेप विघटित होऊन चिकट होतो आणि घडी उलगडताना थर सोलून निघतात. घडी मोडण्याकरिता मुघलांनी माणूस ठेवला होता.

एका बाबतीत मात्र चिनी विक्रेत्यांना उगाच दोष दिला जातो. म्हैसमाळच्या पठारावर डिसेंबरच्या रात्री तंबूत निजलेला माणूस पहाटे अंगावर पडलेल्या थेंबांनी जागा होतो आणि तंबू गळका निघाला म्हणून तक्रार नोंदवितो. आकाश निरभ्र असते, पाऊस नावालाही नसतो. ते थेंब त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या श्वासाचे असतात. बंद तंबूतली दमट हवा ॲल्युमिनियमच्या थंडगार कमानींना लागून तिचे पाणी होते. दोन्ही बाजूंच्या खिडक्या चार बोटे उघड्या ठेवल्या असत्या तर अंथरूण कोरडे राहिले असते. पण थंडी वाजते म्हणून लोक खिडक्या बंद करतात, आणि काही अविचारी आत शेगडी पेटवितात. या दुसऱ्या गोष्टीविषयी सौम्य भाषा वापरण्याचे कारण नाही: बंद तंबूत जळणारा कोळसा माणसाला झोपेतच मारतो.

आगीचा विषय निघालाच आहे, तर औरंगपुऱ्याला तो सांगायला नको. येथल्याच जिल्हा परिषदेच्या मैदानावर, २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत फटाक्यांच्या बाजाराला आग लागली आणि शंभराहून अधिक दुकाने पाहता पाहता भस्मसात झाली; सभोवार उभी असलेली वाहनेही गेली. त्याहून भयानक प्रसंग हरियाणातील डबवालीचा: २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभात कृत्रिम धाग्याच्या शामियान्याने पेट घेतला, वितळलेल्या कापडाचे थेंब खालच्या मुलांवर गळू लागले, आणि चारशेहून अधिक जीव गेले. अमेरिकेत तंबूच्या कापडाची ज्वलनशीलता तपासण्यासाठी ‘सीपीएआय-८४’ हे मानक आहे, आणि तेथे विकले जाणारे पुष्कळ तंबू त्या कसोटीचा कागद बाळगून असतात. आमच्याकडे येणाऱ्या बिनशिक्क्याच्या तंबूच्या जाहिरातीत ते अक्षर-आकडे असतात, पण प्रमाणपत्राची प्रत मागितली की विक्रेता हसऱ्या चेहऱ्याचे चित्र पाठवितो. नावाच्या ज्या दुप्पट-तिप्पट पैशांवर तो अभियंता चिडला होता, त्यांतले काही या कागदाचे, काही माल निघण्यापूर्वी शिवण तपासणाऱ्या माणसाचे, काही दोन वर्षांनी तुटणाऱ्या बिजागरीच्या जोडीचे असतात. उरलेले निव्वळ नावाचे, हेही खरे.

एवढे करून डेरा टाकावा कोठे, हा एक विनोदी प्रश्न शिल्लक राहतो. गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही, वेरूळ-पितळखोऱ्याचा परिसर पुरातत्त्व खात्याचा, जायकवाडीच्या काठी पाटबंधारे खाते आहे, आणि उरलेल्या शिवारात शेताचा मालक रात्री विजेरी घेऊन येतो व “कोण हाय तिकडं?” म्हणून विचारतो. परिणामी हॉटेलचे भाडे वाचावे म्हणून घेतलेला तंबू हॉटेलच्याच आवारात, भाडे भरून, त्यांच्या न्हाणीघराच्या भरवशावर उभा राहतो. आणि ज्या दिवसांत शहरातली ही मंडळी हौसेने कापडाखाली निजायला निघतात, त्याच दिवसांत बीडचे, जालन्याचे, आमच्याच कन्नड-पैठणचे ऊसतोड मजूर बिऱ्हाडासह ट्रॅक्टरमध्ये चढतात. पुढचे पाचसहा महिने कारखान्याच्या फडाशेजारी बांबू, पाचट आणि प्लास्टिकच्या कागदाच्या कोपीत काढतात. सोलापूर-धुळे महामार्गावर पाचोडच्या आसपास मी या दोन्ही प्रकारचे तंबू एकाच रांगेत टोलनाक्यावर उभे असलेले पाहिले आहेत. ट्रॅक्टरमधली एक बाई टपावरच्या गाठोड्याकडे बोट दाखवून पोराला काहीतरी सांगत होती. काय, ते ऐकू आले नाही.

अभियंत्याचा तंबू एव्हाना निम्मा देशी झाला आहे. मोंढ्यातल्या काकांनी सगळ्या शिवणी सुती गाभ्याच्या दोऱ्याने पुन्हा घातल्या आणि मेण चोळून दिले. तडकलेल्या प्लास्टिकच्या बिजागऱ्यांच्या जागी वाळूजच्या एका छोट्या वर्कशॉपने पोलादी बिजागऱ्या कापून बसविल्या. शिडीचे खटके चिकलठाण्यात बदलले. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या भोवती सुट्या भागांची जी शेकडो दालने उभी राहिली, त्यांच्यामुळे फरास मिळाला तर याच शहरात मिळेल, असे मला वाटते. ज्याच्या गावी असा शिवणारा आणि असा घडविणारा नाही, त्याने पडद्यावरचा तो आकडा पाहून हुरळू नये.

आता त्या अभियंत्याने आणखी सात जण जमविले आहेत आणि त्यांच्या डोळ्यांसमोर २०१० सालची गोष्ट आहे. त्या वर्षी या शहरातील उद्योजकांनी व व्यावसायिकांनी एकत्र येऊन, घासाघीस करून, एकदम १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या होत्या; व्यवहार सुमारे पासष्ट कोटींचा झाला, कर्ज स्टेट बँकेने दिले आणि देशभर आमच्या शहराचे नाव झाले. तंबूही असेच एकदम मागवावेत, वाहतूक वाटून घ्यावी, दोरा कोणता आणि बिजागरी कशाची हे कारखान्याला लिहून कळवावे, असा या आठांचा मनसुबा. ते सारे खडकेश्वरच्या त्या निवृत्त गृहस्थांकडे सल्ल्याला गेले. त्यांनी बेत ऐकून घेतला, ठीक आहे म्हणाले, आणि खुलासा केला की आठ तंबू म्हणजे स्वतःच्या वापराची वस्तू राहत नाही, तो व्यापार होतो. तेव्हा आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक काढावा लागेल, तो पाचशे रुपयांत निघतो, आणि मालाच्या नोंदपत्रावर, म्हणजे बिल ऑफ एन्ट्रीवर, आठांपैकी कोणा एकाचे नाव घालावे लागेल. पुढे किमतीविषयी, कराविषयी वा मालाविषयी जी काही पृच्छा होईल, तिला उत्तर द्यायला तोच बांधील राहील. “तर मग नाव कोणाचं घालू?” त्यांनी विचारले. या प्रश्नावर आठांची दुसरी बैठक दिवाळीनंतर ठेवण्याचे ठरले आहे.